मांडी घालण्यापुरता गुडघा

जागेवरची सायकल घरात आली त्या दिवशीच मी तिला दावणीची म्हैस म्हणून मोकळा झालो. कुठे जायचं नाही, यायचं नाही, आणि पडवीतली जागा मात्र अडवून उभं राहायचं. मुलाने मुंबईहून मागवून पाठवली होती. कुरिअरवाले आमच्या वाडीपर्यंत येत नाहीत, रत्नागिरीला येऊन घेऊन जा म्हणतात. म्हणून टेम्पो करून रस्त्यापर्यंत आणली आणि तिथून शेजारच्या दोघांनी खांद्यावरून पाखाडी उतरवली. पाखाडी म्हणजे आमच्या घराकडे उतरणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. याच पाखाडीवर माघात मी पडलो होतो. पाऊस नाही, शेवाळ नाही, कोरड्या पानांवरून पाय सटकला आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. जन्मभर सरकारी जीप चालवली, चिपळूणचे साहेब, रत्नागिरीचे साहेब, सगळे घाट धुक्यात चढवले-उतरवले, कधी कोणाला ओरखडा नाही. आणि पडलो कुठे, तर स्वतःच्या घराच्या वाटेवर, हातात दुधाची पिशवी घेऊन.

ऑपरेशन झालं, तार घातली, पाय दीड महिना पट्ट्यात सरळ ठेवला. पट्टा निघाला तेव्हा पाय वाकायचंच विसरला होता. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिना चढाल, खुर्चीत बसाल, काळजी नको. मी विचारलं, मांडी घालून बसेन का? त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. म्हणाले, “या वयात मांडी घालून करायचंय काय?”

काय करायचंय ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. आमच्या गावात गणपतीत जाखडी नाचतात. मधोमध शाहीर, टाळवाले आणि मृदंगवाला जमिनीवर बसतात आणि बाकीचे पायात चाळ बांधून त्यांच्याभोवती रिंगण धरून नाचतात. मृदंगवाला मी. वडिलांचा हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी मृदंग माझ्यापुढे सरकवला, तेव्हापासून मीच. नोकरीत बदल्या झाल्या, साहेब बदलले, पण गौरीच्या दिवशी मी रिंगणात नव्हतो असं वर्ष गेलं नाही. रजा मिळाली नाही तर आजारी पडायचो.

आणि मांडी घालूनच का, तर त्याला कारण आहे. उगाच हट्ट नाही. जमिनीवर बसलं की नाचणाऱ्यांची पावलं बरोबर डोळ्यांसमोर येतात. मी शाहिराच्या तोंडाकडे बघून वाजवत नाही, पावलांकडे बघून वाजवतो. कोण दमलाय, कोणाची टाच उशिरा पडत्येय, कधी लय चढवायची, कधी जरा धरून ठेवायची, सगळं पावलं सांगतात. खुर्चीवर बसलं तर डोळ्यांसमोर येतात पोटं. पोटांवरून काही कळत नाही.

आमचा शाहीर माझा लहानपणापासूनचा सोबती. पट्टा निघाल्यावर बघायला आला, चहा प्यायला, गुडघ्याकडे बघून घेतलं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून झाल्यावर म्हणाला, “यंदा मधी एक खुर्ची ठेवू. प्लास्टिकची, हात नसलेली. त्यात काय?”

“खुर्चीवर बसून लग्नात आहेर घेतात,” मी म्हटलं. “मृदंग वाजवीत नाहीत.”

“मग बसणार कसा मेल्या तू?”

“बघू.”

“बघू काय? लोट्याला कंपनीत आपला एक पोरगा आहे, माझ्या बायकोच्या माहेरचा. हात चांगला आहे त्याचा. गणपतीत शिफ्ट बदलून घेईन म्हणतोय. मला श्रावणात तालीम चालू करायची आहे. मांडी घालून बसलास तर मृदंग तुझा. नाय बसलास तर त्याचा. मनात ठेवू नको हां काही.”

मी मनात ठेवलं. तो गेल्यावर त्याच्या कपातला उरलेला चहा अंगणात भिरकावला आणि बायकोची बोलणी खाल्ली.

रत्नागिरीत फिजिओथेरपीला जायला लागलो. तिथली मुलगी माझ्या मुलापेक्षाही लहान, पण हात लोखंडाचा. गुडघा दाबून वाकवायची आणि वर विचारायची, “काका, दुखतंय?” तिनेच सायकल घ्यायला सांगितली. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येऊन काही होणार नाही म्हणाली, रोज सकाळी, न चुकता, घरी. आणि एक गोष्ट शिकवली. सायकलची सीट वर असते तेव्हा गुडघ्याला कमी वाकावं लागतं. जसजशी सीट खाली आणाल तसतसं जास्त. सीटच्या दांड्याला भोकं असतात, त्यात खिटी घालायची. आज सगळ्यात वरचं भोक. पाय मोकळा झाला की एक भोक खाली.

हे मात्र माझ्या डोक्यात बसलं. किलोमीटर, कॅलरी, त्या पडद्यावर काय काय उमटायचं, त्यातलं मला काही नको होतं. पावसाळ्याच्या दमट हवेत तो पडदा बंद पडला तेव्हा मी सेलसुद्धा बदलला नाही. सीट खाली येत येत जमिनीला टेकली की मी मांडी घालून बसणार, असा माझा सरळ हिशेब होता.

पण पहिल्या दिवशी सायकल फिरलीच नाही. पॅडल अर्धं पुढे जायचं आणि वर येताना गुडघा अडायचा. मग मागे. मग पुन्हा पुढे. पाळणा हलवावा तसा मी नुसता हलत होतो. जीपचं इंजिन खोलून बसवणारा माणूस मी, मला एक चाक पुरतं फिरवता येईना. पाखाडीवरून येणारे-जाणारे बघत होते. आमच्याकडे वाटेने जाणारा माणूस गप्प जात नाही. “कुठवर पोचलात?” “हातखंबा आला काय?” “हेदवीला जात असाल तर आमचा पण नारळ घेऊन जा हां देवाला.” पहिले काही दिवस मी तोंड फिरवून बसायचो. बायको म्हणाली, सायकल आतल्या खोलीत घेऊ. मी नको म्हटलं. आतल्या खोलीत मी सायकलला हात लावणार नाही हे मला ठाऊक होतं. पडवीत निदान चुकवलं तर सगळ्या वाडीला कळतं.

तरी चुकवावंसं रोज वाटायचं. उठल्यावर पहिला विचार तोच, आज काय सांगून टाळता येईल. अंगात कणकण आहे. काल रत्नागिरीला जाऊन आलो, पाय शिणलाय. एकादशी आहे. बायकोने वाद घातला नाही. तिने एवढंच केलं, सकाळचा चहा सायकलच्या नंतर. आधी मागितला तर ऐकू न आल्यासारखं करायची. चहाशिवाय मी माणसात नसतो, हे तिला लग्नापासून माहीत आहे. सकाळी उठून व्यायामाची ओढ वाटते असं सांगणारे लोक असतात, असोत. मला कधी वाटली नाही. मला चहाची ओढ वाटायची आणि मधे सायकल उभी होती.

जेठ महिन्यात एका सकाळी पॅडल वर आलं, गुडघ्यात काहीतरी करकरलं, आणि पाय पलीकडे गेला. मला कळलंच नाही. दुसरा फेरा झाल्यावर कळलं. मी ओरडून बायकोला बोलावलं. ती हात पुसत आली, बघितलं, “फिरतेय की,” म्हणाली आणि परत चुलीकडे गेली. त्या दिवशी तिने चहाबरोबर खोबऱ्याची वडी दिली. मला फार आनंद झाला होता. एवढा आनंद नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता, हे खरं आहे.

मग सीट एक भोक खाली आली. काही दिवसांनी आणखी एक.

भाताची लावणी सुरू झाली. बायको सकाळीच शेतात जायला लागली आणि पडवीत मी एकटा. आता चाक पुरतं फिरत होतं, आणि फिरताना त्याला ठेका होता. उजवा पाय भरला, डावा जरा उशिरा. लंगडा ठेका, पण ठेका. मी गुणगुणायला लागलो. पहिल्यांदा गण, देवाला नमन, संथ. मग पुढचं गाणं. आता जाखडीचं असं आहे की ती एका लयीत कधी राहत नाही. संथ सुरू करायची, नाचणारे गरम झाले की थोडी चढवायची, मग आणखी, शेवटी चाळांचा नुसता एक आवाज होतो आणि मग एकदम थांबायचं. माझ्या हाताला दुसरं काही माहीतच नाही. हातातलं पायात उतरलं. रोज सकाळी गण म्हणून सुरुवात करायची आणि अर्ध्या तासाने घामाने निथळत, पाय गरागरा फिरवत, शेवटची तोड घेऊन थांबायचं. आता चहाच्या आधी उठावंसं वाटायला लागलं. टाळावंसं वाटेना. मी म्हटलं, सापडली किल्ली.

चारेक दिवसांत गुडघा सुजून नीरफणसाएवढा झाला.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने हात लावला तर मी तिच्या टेबलावरून उठून बसलो. तिने विचारलं, काका, काय केलंत? मी सांगितलं. तिला जाखडी माहीत नव्हती, ती देशावरची. मग मी तिच्या टेबलाच्या पत्र्यावर बोटांनी वाजवून दाखवलं, संथ, मग चढती. तिने ऐकून घेतलं. हसली नाही. म्हणाली, “छान आहे. पण हे गुडघ्याला नाही चालणार. गाडी चालवायचात ना तुम्ही? घाट नको. सपाटीचा रस्ता. सुरू केलीत त्याच गतीने संपवायची. आणि सीट दोन भोकं वर.”

दोन भोकं वर. आषाढ संपत आला होता. परत येताना मी टेम्पोत ड्रायव्हरशी भांडलो, त्याने गिअर चुकीचा टाकला म्हणून. त्याचं काही चुकलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर तिने सीट काढून वर बसवून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यावर बसली. लावणी आटोपली होती. मी पाय मारायला लागलो. गुणगुणायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोक्यात चालू होतंच. थोड्या वेळाने ती तांदळातले खडे वेचता वेचता म्हणाली, “चढतेय.”

“काय चढतेय?”

“लय. जरा उतरवा.”

मला खोटं वाटलं. मी तसाच चालवत राहिलो. तिने सुपातून मान वर केली नाही, फक्त पंजा पालथा करून हवेत दाबला, बस खाली, बस खाली, असा. मी उतरवली. पाच मिनिटांनी परत पंजा. मी चिडून म्हटलं, तुला कसं कळतं? माझ्या मृदंगाला नावं ठेवण्यात जिचा जन्म गेला, तालमीच्या दिवसांत डोक्याला पट्टी बांधून बसणारी ती.

“एवढी वर्षं ऐकत्येय,” ती म्हणाली. “दुसरं होतं काय घरात ऐकायला?”

तेव्हापासून रोज हेच. ती उंबऱ्यावर, कधी तांदूळ, कधी कुळीथ, कधी नुसतीच. मी सायकलवर. बोलणं नाही. लय चढली की पालथा पंजा. आपल्या बायकोला माझ्या हाताची एवढी नस ठाऊक आहे हे साठी उलटल्यावर कळावं, याचं मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. बोललो मात्र नाही. बोललो असतो तर ती उठून गेली असती.

सपाटीला चालवणं किती कंटाळवाणं असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. काही घडत नाही. सुरुवात तीच, मधलं तेच, शेवटही तोच. पण गुडघा उतरला. डावा पाय उजव्याच्या मागून उशिरा यायचा तो हळूहळू वेळेवर यायला लागला. मला ते कानाला कळलं, गुडघ्याला नंतर. सीट पुन्हा खाली यायला लागली.

श्रावणात देवळात तालीम सुरू झाली. देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी दिवेलागणीला मृदंग वाजला तेव्हा मी पडवीत बसलो होतो. लोट्याचा पोरगा आला होता. मी कान देऊन ऐकलं, कुठे खोट सापडते का बघायला. सापडली नाही. हात स्वच्छ होता, दाबून वाजवत नव्हता, मोकळा ठेवत होता. मला हेवा वाटला, साफ सांगतो. सकाळी एकदा सायकल झाली होती तरी मी उठलो आणि पुन्हा तिच्यावर बसलो. तो तिकडे वाजवत होता, मी इकडे पाय मारत होतो. त्याने चढवली. माझे पाय चढले. मला थांबवता येईनात. बायको आतून धावत आली, पंजा वगैरे काही केलं नाही, सरळ हँडल धरलं.

“त्याचा मृदंग आहे तो,” ती म्हणाली. “तुमचा नाय.”

मी उतरलो. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. ती जेवायला उठवायला आली नाही, ताट झाकून ठेवलं होतं.

भाद्रपद आला. गणपती आले, मुलगा-सून आली, घर भरलं. सीट सगळ्यात खालच्या भोकात आली होती. त्याच्या खाली भोक नव्हतं आणि जमीन अजून लांब होती. एका सकाळी आरती झाल्यावर मी खोलीचं दार लावून पाटावर बसून बघितलं. उजवा पाय आत गेला. डावा गुडघा वर राहिला, एक वीतभर. घडी केलेली गोधडी त्याच्याखाली कोंबली तेव्हा टेकला. दुखत होतं, पण ते दुखणं ओळखीचं होतं. बसता आलं. मुलाने दार ठोठावेपर्यंत मी तसाच बसून राहिलो.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी दुपारी शाहिराच्या अंगणात पहिला नाच. मी काठी टेकत गेलो, मुलगा माझा मृदंग घेऊन पुढे. बायको मागून, काखेत गोधडी आणि हातात मृदंगाला लावायचा कणकेचा गोळा ओल्या फडक्यात. लोट्याचा पोरगा आधीच आला होता, त्याचा मृदंग गाडीत होता. शाहिराने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. मी हात टेकून, उजव्या पायावर भार देऊन बसलो. डावा पाय आत ओढला. बायकोने वाकून गोधडी गुडघ्याखाली सरकवली आणि ओटीवर बायकांत जाऊन उभी राहिली. लोट्याचा पोरगा आला, माझ्या पायांना हात लावला, टाळ उचलला आणि माझ्या बाजूला बसला. चांगला पोरगा निघाला.

गण झाला. रिंगण फिरायला लागलं. सगळी पावलं पुन्हा डोळ्यांसमोर होती, मुंबईवरून आलेल्यांची गुबगुबीत, गावातल्यांची भेगाळलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी खांद्याला पुसलं. दुसरं गाणं सुरू झालं. पावलं गरम झाली. आता चढवायची, हे मला दिसत होतं. टाचा मागत होत्या. शाहिराने आवाज वर घेतला. पण माझा हात काही चढेना.

हात सपाटीला लागला होता. सुरू केली तीच लय. मी मनात म्हटलं चढव, आणि हात तीच लय वाजवत राहिला, सरळ रस्त्यावरच्या गाडीसारखी. महिना-दीड महिना रोज सकाळी मी गुडघ्याला जे शिकवलं ते हाताने शिकून घेतलं होतं. रिंगणातली पावलं ढिली पडायला लागली. एकाने मला ऐकू येईल असं म्हटलं, “बुवा दमले.” शाहिराने खाली बघितलं. टाळ धरलेला पोरगा माझ्याकडे बघेना. मला घाम फुटला. मांडी घालून बसलो होतो आणि मृदंग हातातून चालला होता.

मी वर बघितलं. पावलं सोडून वर बघायची मला सवय नाही. ओटीच्या कडेला बायको उभी होती. तिने पदराखालून हात काढला आणि पंजा पालथा होता तो उलटा केला. तळहात वर. आणि वर उचलला, एकदा, मग पुन्हा, जरा जोरात, चुलीवरचं झाकण उघडावं तसा.

मग हात चढला. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, फक्त पावलं आठवतात, आणि शेवटी चाळांचा एक आवाज झाला तो. थांबल्यावर मला उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उचललं आणि ओटीवर आणून बसवलं. शाहिराने पाण्याचा तांब्या दिला. खुर्चीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पुन्हा नीरफणस. मी पडवीत आलो तर बायको सायकलपाशी उभी होती. सीट दोन भोकं वर घेऊन झाली होती. सूप घेऊन ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “चला. कालची विसरा. आता एकसारखी.”

“आणि चढवायची कधी?” मी विचारलं.

“पुढच्या गौरीला,” ती म्हणाली. “मी सांगेन तेव्हा.”

मी चहा मागितला. तिला ऐकू आलं नाही.